दीडशे कुप्या

नॉटिंगहॅम,
१६ जानेवारी २००७

चि. सौ. सुलूस,
अनेक आशीर्वाद.

तिळगूळ पोचला. वड्या एकवीस होत्या, त्यातली एक फुटलेली. ती चूक पोस्टाची, तुझी नव्हे.

आता काम. फोन करता आला असता, पण फोनवर मी मोजमाप सांगतो आणि तू ‘साधारण बोटाएवढी ना?’ म्हणतेस. कोणाचं बोट, कोणतं बोट, ते सांगत नाहीस. म्हणून पत्र.

तुला ठाऊक आहे, गेली सहा वर्षं मी इथल्या ठासणीच्या बंदुकांच्या क्लबाचा मेंबर आहे. रेखा याला ‘यांचा तोफखाना’ म्हणते. यात काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून आधी बंदुकीची दारू ओतायची, मग शिशाची गोळी सोडायची, गजानं ठासायची आणि मग बार काढायचा. दीडशे वर्षांपूर्वी शिपाई करायचे तसंच. हे सगळं मी पुस्तकं वाचून शिकलो, कोणाचं बोट धरून नव्हे. आमच्यातले काही गोरे अजून दारू भरलेल्या पोकळ शिंगातून अंदाजानं ओततात आणि गोळी वरखाली गेली की वाऱ्याला दोष देतात. शिवाय नळीत ठिणगी राहिली असेल तर तिच्यावर भरलेलं शिंग धरणाऱ्याला दोष द्यायलाही कोणी उरत नाही. बरोबर रीत अशी की एकेका बाराची दारू आधी मोजायची आणि एकेका कुपीत भरून न्यायची. एक कुपी, एक बार.

प्रश्न कुपीचा आहे. फोटोच्या रोलच्या डब्या पूर्वी फुकट मिळायच्या. आता लोकांनी डिजिटल कॅमेरे घेतले, आणि तशाही त्या फार मोठ्या, एका बाराची दारू तळाला चिमूटभर दिसते. केशराच्या डब्यांचं झाकण खिशात निघतं. क्लबच्या दुकानात मिळतात त्या पस्तीस पेन्सला एक, आणि त्यातल्याही निम्म्या वाकड्या. वाकड्या वस्तूला मी पैसे देत नाही. मला काच नको, कारण फुटते. धातू नको, कारण सांगायला नको. पारदर्शक प्लॅस्टिक, आतला व्यास चौदा मिलिमीटर, उंची पन्नास, तळ सपाट, झाकण दाबून बसणारं, फिरकीचं नव्हे. दीडशे नग. स्वस्त.

गेल्या संक्रांतीला वॉटफर्डच्या हळदीकुंकवात तुम्ही वाण म्हणून बारक्या नळ्यांत कुंकू घालून लुटलं होतं. रेखाच्या वाट्याला आलेली नळी मी काल मोजली. तेरा पूर्णांक आठ. दोन दशांश मी सोडून देईन. उरल्या असतील तितक्या पाठव.

तुझा,
गिरीश


वॉटफर्ड,
२५ जानेवारी २००७

ती. गिरीशदादास,
सा. न.

तुझं पत्र वाचून संजय म्हणाला, तुझ्या भावानं नॉटिंगहॅममध्ये युद्ध पुकारलंय का. मी म्हटलं, नाही रे, त्याला फक्त डब्या हव्यात. तर म्हणे, युद्धं अशीच सुरू होतात.

कुंकवाच्या नळ्या अकरा उरल्यात, त्या पाठवतेय. यंदा वाण चहाच्या गाळण्या होत्या. गाळणी की कोस्टर यावर आमच्या कमिटीची दोन तास मीटिंग झाली, त्यात तू असतास तर अजून चालू असती. बाकीच्या एकशे एकोणचाळीस कुठे मिळतात ते बघते. लायब्ररीत सतराशे साठ लोक येतात, विचारते एकेकाला. ‘गनपावडरसाठी हव्यात’ असं मात्र मी कौन्सिलच्या काउंटरवर बसून विचारणार नाही.

दुसरं, आणि हे नीट वाच. मुरलीदादांनी स्लाऊचं घर विकलं. नंदावहिनी गेल्यापासून त्यांचं इथं मन नव्हतंच. चोवीस मेचं तिकीट आहे, नागपूरला कायमचे. सहासष्ट वय, एकदा हार्टचं ऑपरेशन झालेलं. परत इकडे येतील असं मला वाटत नाही. सख्खे भाऊ तुम्ही, आणि अकरा वर्षं एकमेकांशी बोलला नाहीत. वहिनींच्या वेळी तू क्रेमेटोरियममध्ये मागच्या बाकावर बसलास आणि चहाला न थांबता गेलास. आता चार महिने उरलेत. एक फोन कर. तारीख मुद्दाम लिहिलीय, तुला आकडे आवडतात.

सुलू


नॉटिंगहॅम,
२ फेब्रुवारी २००७

चि. सौ. सुलूस,
अनेक आशीर्वाद.

अकरा नळ्या पोचल्या. तीन झाकणं सैल. चार नळ्यांत कुंकू चिकटलेलं होतं, ते धुतलं, तरी रविवारी तिसऱ्या बारापर्यंत माझी बोटं लालभडक झाली. आमचे सेक्रेटरी फर्स्ट एडची पेटी घेऊन धावत आले. त्यांना हळदीकुंकू समजावून सांगण्यात माझा गोळी मारण्याचा वेळ गेला. आठ नळ्या कामाच्या आहेत.

दुसरा विषय बंद आहे. तरी तुझ्याकडे त्याची चुकीची आवृत्ती असेल, म्हणून बरोबर ती एकदा लिहितो. १९९५, दिवाळीचा पाडवा, स्लाऊ. जेवायला सात पाहुणे, सगळे डॉक्टर. जेवणानंतर दादांनी हौसेनं सगळ्यांचं ब्लडप्रेशर घेतलं, त्यांच्या त्या पाऱ्याच्या मशीनवर. हवा सोडली की पारा शून्यावर यायला हवा. तो आठवर थांबत होता. मी एवढंच म्हणालो की हे मशीन आठ मिलिमीटर जास्त दाखवतं, तेव्हा गेल्या काही वर्षांत बऱ्याच लोकांनी नको त्या गोळ्या खाल्ल्या असतील. ही माहिती होती, टोमणा नव्हता. हॉस्पिटलातले गेज दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे. त्यावर दादा सातजणांसमोर म्हणाले, ‘फिटरनं नळ बघावेत.’

मी कॉलेजात गेलो नाही. जे येतं ते माझं मी शिकलो. ते नळासकट सगळं येतं. तेव्हा ज्यांना फिटरशी बोलायचं असेल त्यांनी बोलावं. फोनला दोन टोकं असतात, आणि स्लाऊलाही फोन आहे.

कुप्यांचं बघ.

गिरीश


वॉटफर्ड,
७ फेब्रुवारी २००७

ती. मुरलीदादांस,
शि. सा. न.

परवा तुमच्याकडे आले तेव्हा गॅरेजमध्ये होमिओपथीच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांचं खोकं बघितलं. चौतीस वर्षं इंग्रजांना इंजेक्शनं देऊन रिटायर झाल्यावर तुम्ही गल्लीतल्या म्हाताऱ्यांना साबुदाण्यासारख्या गोळ्या वाटता, यावर मी काही बोलणार नाही. पण नागपूरला जाताना तुम्ही ते खोकं फेकून देणार, असं म्हणालात. फेकू नका. दीडशे मला हव्यात.

खरं सांगते, मला नकोत, गिरीशदादाला हव्यात. तो त्यांत बंदुकीची दारू भरणार आहे, एका बाटलीत एका बाराची. लायसन्स, पोलिसांचं सर्टिफिकेट, सगळं आहे त्याच्याकडे, घाबरू नका. मापाचा कागद सोबत जोडलाय. तुमच्याकडून आल्यात हे त्याला सांगू का?

सुलू


स्लाऊ,
११ फेब्रुवारी २००७

चि. सौ. सुलूस,
आशीर्वाद.

सांगू नकोस. पोस्टाचा खर्च स्वतः भरून परत पाठवेल.

बंदुकीची दारू हे त्याच्या स्वभावाला धरून आहे. त्याचा मापाचा कागद वाचला. ‘आतला व्यास’ याखाली दोनदा रेघ ओढली आहे, जणू वाचणारा मूर्ख आहे. माझ्या बाटल्या चौदा पूर्णांक एक आहेत. खोक्यात चारशे होत्या, त्यांतल्या दीडशे एकसारख्या निवडायला दोन दिवस लागले. सोबत पाठवत आहे. मोजून घे.

मुरलीधर


नॉटिंगहॅम,
२४ फेब्रुवारी २००७

चि. सौ. सुलूस,
अनेक आशीर्वाद.

पेटी पोचली. तू चिठ्ठीत फक्त ‘ओळखीच्या एका रिटायर्ड गृहस्थांकडून’ एवढंच लिहिलं आहेस. हे गृहस्थ कोण?

विचारण्याचं कारण असं. दहादहाच्या जुड्या, प्रत्येक जुडीला रबरबँड, प्रत्येकीवर आकडा, आणि पेटीच्या झाकणाच्या आत ठसठशीत कॅपिटल अक्षरांत चिठ्ठी: ‘१५०. चेक्ड.’ मी तरीही मोजल्या. दीडशे. मग पट्टी लावली. एकही आखूड नाही, एकही वाकडी नाही. सुलू, मी तेवीस वर्षं या देशात आहे. दुकानदार, इंजिनिअर, सर्जन, सगळ्यांकडून वस्तू घेतल्या. ‘चेक्ड’ लिहून खरोखर चेक करणारा माणूस हा पहिला.

आपल्यातला नाही हे उघड आहे. आपल्या माणसानं डझनावर दोन जास्त घातल्या असत्या आणि वर ‘घ्या हो, काय मोजायचं’ म्हटलं असतं. हा इंग्रज आहे, आणि जुना, नेव्हीतला असावा. झाकण उघडल्यावर स्पिरिटचा पुसट वास येतो, म्हणजे संध्याकाळची एखादी घेत असेल, ती त्याला माफ. रेखा म्हणाली, हा तर होमिओपथीच्या गोळ्यांचा वास. तिला सर्दी आहे.

फक्त एक दोष. झाकण बसतं, पण पाचपैकी एक पुन्हा वर उचललं जातं. हे त्याच्या कानावर घाल. राग मानणार नाही. अशा माणसाला दोष सांगितलेला आवडतो.

पैसे किती, तेही विचार.

गिरीश


स्लाऊ,
३ मार्च २००७

चि. सौ. सुलूस,
आशीर्वाद.

त्याचं पत्र तू पाठवलंस ते वाचलं. मी नेव्हीत होतो हे मला नवीनच कळलं.

झाकणाविषयीचा आक्षेप चुकीचा आहे. तो झाकण अंगठ्यानं मधोमध दाबत असणार. मधे दाबलं की आत हवा कोंडते आणि तीच झाकण वर ढकलते. एका कडेनं बसवून दुसऱ्या कडेपर्यंत दाबत न्यायचं, हवा निघून जाते. तीस हजार बाटल्या बंद केल्यावर माणसाला एवढं कळतं. त्याला सांग. माझं नाव न घेता.

पैसे नकोत. त्याऐवजी दारू तो वजनानं मोजतो की मापानं, ते विचार. वजनानं मोजत असेल तर दमट हवेत वजन वाढतं, याचा विचार केला आहे का? सहज विचारतो.

सामान बांधायचं राहिलं आहे. पुढच्या आठवड्यात सुरू करीन.

मुरलीधर

ता. क. झाकणांची दहा वेळा परीक्षा करून बघितली. माझं म्हणणं बरोबर आहे.


नॉटिंगहॅम,
१७ मार्च २००७

चि. सौ. सुलूस,
अनेक आशीर्वाद.

इंग्रज बरोबर होता. मी मधोमध दाबत होतो. कडेनं दाबून बघितलं, पन्नासांत एकही उचललं गेलं नाही. रविवारी मी हे क्लबात सगळ्यांना दाखवलं आणि ‘हे मला एका गृहस्थांनी शिकवलं’ असं सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, गिरीश, तू कोणाकडून काही शिकलास हे आम्ही आजच्या तारखेसह नोंदवून ठेवतो.

वजनाचा त्याचा प्रश्न फार योग्य आहे. त्याला कळव की मी मापानं मोजतो, पितळी मापानं, आणि माप भरल्यावर वरची रास पट्टीनं सपाट करतो. हा प्रश्न मला सहा वर्षांत कोणी विचारला नव्हता. एकट्या माणसानं बरोबर असणं फार कंटाळवाणं असतं सुलू, हे तुला कळायचं नाही. तू सदा माणसांत असतेस.

तेरा मेला, रविवारी, आमचा ओपन डे आहे. मेंबरला एक पाहुणा आणता येतो. मी आजवर कोणाला आणलं नाही. रेखाला आवाज सोसत नाही आणि हॉस्पिटलातल्यांना चहाच्या वेळेपलीकडे रस नाही. तुझ्या इंग्रजाला मी बोलावतो आहे. वॉटफर्डहून गाडी सोयीची आहे. येताना तूही ये. बारा बार त्याच्या कुप्यांतले काढीन, आणि पहिला त्याच्या हातून काढवीन. नाव कळव, पाहुण्यांच्या वहीत आधी लिहावं लागतं.

गिरीश


वॉटफर्ड,
२२ मार्च २००७

ती. मुरलीदादांस,
शि. सा. न.

पत्र जोडलंय. वाचा आणि मला यातून सोडवा. वहीत काय नाव लिहू, ॲडमिरल मुरलीधर?

चला ना. तेरा मे म्हणजे तुमच्या जाण्याआधी अकरा दिवस. मी शेजारी उभी राहीन. त्यानं बंदूक उगारलीच तर ती भरायला त्याला पूर्ण एक मिनिट लागतं, तेवढ्यात आपण गाडीत असू.

आणि एक विचारते. ते मशीन खरंच चुकत होतं का?

सुलू


स्लाऊ,
२७ मार्च २००७

चि. सौ. सुलूस,
आशीर्वाद.

मी येणार नाही. त्याला इतक्या वर्षांनी एक धड माणूस भेटला आहे. तो मीच निघालो तर त्याचा तोही जाईल. इंग्रजाची तब्येत बरी नाही असं कळव.

मशीनचं विचारलंस. त्या रात्री पाहुणे गेल्यावर मी ते टेबलावर ठेवून तपासलं. पारा सहावर थांबत होता. दुसऱ्याच दिवशी दुरुस्तीला दिलं आणि सकाळी दवाखान्यातून अकरा पेशंटना परत बोलावलं. तिघांच्या गोळ्या बंद केल्या. नंदा म्हणाली, गिरीशला फोन करा. मी म्हणालो, तो आठ म्हणाला होता, सहा आहे. तिनं मला त्यावर जे म्हटलं ते इथं लिहीत नाही. नंतर फोन करायला दर महिन्याला जास्त उशीर होत गेला.

त्या वाक्याबद्दल काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही. बाटल्या देणं सोपं होतं.

पितळी मापाची रास तो पट्टीनं सपाट करतो, हे उत्तम.

मुरलीधर


वॉटफर्ड,
२ एप्रिल २००७

ती. गिरीशदादास,
सा. न.

तुझ्या इंग्रजाचं नाव मुरलीधर आहे. स्लाऊला राहतो. नेव्हीत कधी नव्हता. दारू पीत नाही. रेखावहिनीला सर्दी नव्हती.

माझ्यावर रागव, त्यांच्यावर नको. युक्ती माझी. त्यांनी फक्त चारशेतून दीडशे निवडल्या, आणि घरातलं सामान न बांधता झाकणं दाबत बसले. तुझ्या क्लबात येणार नाही म्हणाले. का, ते त्यांच्याच शब्दांत वाच. त्यांचं शेवटचं पत्र त्यांना न विचारता जोडलंय. मला दोघंही शिव्या द्या, एकाच वेळी दिल्यात तर उत्तम, निदान एकत्र काहीतरी कराल.

चोवीस मे, दादा.

सुलू


नॉटिंगहॅम,
९ एप्रिल २००७

चि. सौ. सुलूस,

पत्र आणि जोडपत्र मिळालं. माझी फसवणूक झाली आहे. गेल्या दोन महिन्यांत मी तुला लिहिलेल्या सर्व पत्रांच्या नकला माझ्याकडे आहेत. त्या पुन्हा वाचल्या. त्यांतलं एकही वाक्य मला मागे घेता येत नाही, हा त्रास वेगळा.

कुप्या मी परत करीन. मी कोणाचं फुकट घेत नाही.

गिरीश


नॉटिंगहॅम,
५ मे २००७

प्रिय सुलूताई,

मी पत्र लिहीत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, पण फोन यांच्या खुर्चीशेजारीच आहे.

गेला महिनाभर घरात फक्त बातम्या बोलतात. रविवारी हे क्लबात गेले ते तुमच्या त्या कुंकवाच्या नळ्या घेऊन. आठच चालतात म्हणून आठच बार काढले आणि अकरा वाजता घरी आले. हात लाल. मी विचारलं, लागलं का कुठे. तर म्हणाले, लागलं नाही म्हणून तर आलो.

भावजींच्या सगळ्या कुप्या यांनी धुतल्या. तीनदा. माझ्या इस्त्रीच्या टेबलावर पांढऱ्या कापडावर वाळत घातल्यात, आठवडा झाला, इस्त्री बंद. रोज संध्याकाळी हॉस्पिटलातून आल्यावर मोजतात. वाळलेल्या वस्तू कितीदा मोजायच्या? काल मी म्हटलं, अहो, पाठवायच्या तर पाठवा, ठेवायच्या तर ठेवा. तर म्हणाले, तू मधे बोलू नकोस, माझा आकडा चुकतो. यांचा आकडा चुकतो, असं मी बावीस वर्षांत ऐकलेलं नाही. म्हणून तुम्हाला कळवलं.

तुमची,
रेखा


नॉटिंगहॅम,
१४ मे २००७

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत तुमच्या कुप्या परत करत आहे. स्वच्छ धुतलेल्या आहेत, दारूचा कण राहिलेला नाही, पोस्टाला धोका नाही. वापर उत्तम झाला. त्याबद्दल सुलूला लिहिलेली पत्रं तुम्ही वाचलीच आहेत, तेव्हा पुन्हा लिहीत नाही. काल ओपन डे झाला. पाहुण्यांच्या वहीत माझ्या नावापुढची जागा कोरी राहिली.

ब्लडप्रेशरच्या मशीनबद्दल. तुमच्या पत्रावरून पारा सहावर होता असं कळलं. मी आठ म्हणालो होतो. त्या दिवशी मी उभा होतो, मशीन टेबलावर होतं, म्हणजे डोळा पाऱ्याच्या रेषेत नव्हता. वाकून बघायला हवं होतं. दोन मिलिमीटरची चूक माझी. ती अकरा वर्षं दुरुस्त केली नाही, तीही माझी. बाकीचे सहा तुमचे.

नळाबद्दल तुम्हाला काय बोलायचं ते सुचत नाही असं वाचलं. नका बोलू. इथल्या स्वयंपाकघरातला नळ मात्र बघून जा, तो मी बसवलेला आहे.

पेटीत एकशे एकोणपन्नास कुप्या आहेत. मोजण्यात चूक नाही. दीडशेपैकी एक अर्धा मिलिमीटर आखूड निघाली. तुम्ही ‘चेक्ड’ लिहिलं होतं, म्हणून ती पुरावा म्हणून ठेवून घेतली आहे. पोस्टानं पाठवणार नाही, हरवली तर वाद कायमचा राहील. बघायची असेल तर चोवीस तारखेच्या आत इथं यावं लागेल.

तुमचा,
गिरीश


स्लाऊ,
१६ मे २००७

चि. गिरीशास,
अनेक आशीर्वाद.

पेटी पोचली. एकशे एकोणपन्नास बरोबर.

अर्धा मिलिमीटर आखूड हे शक्य नाही. पाठवण्याआधी प्रत्येक कुपी मी स्वतः मोजली आहे, काहीतरी तुझ्याच पट्टीत असणार. तेव्हा माझी पट्टी घेऊन येतो. शनिवारी, एकोणीस तारखेला, सेंट पँक्रसहून सकाळी निघणारी गाडी बघितली आहे. स्टेशनवर ये, तुझ्या घरचा रस्ता मला माहीत नाही.

मला पथ्याचं जेवण लागतं आणि जमिनीवर झोपता येत नाही, रेखाला सांगून ठेव. सुलूला एवढ्यात काही कळवू नकोस. ती लगेच धावत येईल आणि मधे बोलेल.

सामान अजून बांधलेलं नाही. पण एका कुपीचं माप नीट घ्यायला तीन दिवस लागतील, असं धरून चाललो आहे.

दादा